जिंकणाऱ्याची ऐट

इंग्रज लोकांची एक मौज आहे पाहा. त्यांना मुष्टियोद्धा आवडतो तो हरलेला. हेन्री कूपरने १९६३ साली वेम्बलीवर कॅशियस क्लेला, म्हणजे पुढच्या महंमद अलीला, एका ठोशात खाली बसवले. लढत कूपर हरला, पण देशाचा लाडका झाला. २००० साली ‘सर’ही झाला. १९७१ साली जो बगनरने याच कूपरला अवघ्या पाव गुणाने हरवले. ते प्रेक्षकांनी नि वर्तमानपत्रांनी त्याला कधी विसरू दिले नाही. पुढे नसीम हमीद दोरावरून कोलांटी मारून रिंगणात यायचा. त्याचा विजय पाहायला किती येत आणि तो पडलेला पाहायला किती, हे सांगणे अवघड!

तुम्ही म्हणाल, हे साहेबाचे झाले, आपले काय? आपल्याकडे वरवट बकाल काय नि कोल्हापूर काय, पहिलवानाने कुस्तीआधी शड्डू ठोकला तर आपण टाळ्या देतो. पण जिंकल्यावर त्याने वाकायचे, वस्तादांच्या पाया पडायचे. शड्डू आधीचा चालतो, नंतरचा नाही.

आता विनोद कांबळीचे पाहा. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये त्याने नि सचिन तेंडुलकरने ६६४ धावांची भागीदारी केली. कांबळीच्या नाबाद ३४९, तेंडुलकरच्या नाबाद ३२६. १९९३ साली मुंबईत इंग्लंडविरुद्ध २२४, लगोलग दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७. चौदा डावांत कसोटीतल्या हजार धावा! आणि आपण चर्चा कसली करीत होतो? त्याच्या कानातल्या बाळीची, केसांच्या तऱ्हांची. ‘पोरगं शेफारलं’, ‘डोक्यात हवा गेली’, हे शब्द चहाच्या टपरीपासून छापील रकान्यांपर्यंत सारखेच फिरत. शेजारी सचिन मान खाली घालून खेळत होता, त्यामुळे तुलना आयतीच मिळाली.

आखूड टप्प्याच्या वेगवान चेंडूपुढे कांबळी अडखळे, हे खरेच. नुसत्या लोकांच्या बोलण्याने कोणी संघाबाहेर जात नाही. पण अडखळणारे इतरही होते. त्यांना ‘तंत्र सुधार’ म्हणून सांगितले गेले, याला ‘वागणूक सुधार’. दोन्हींत फरक आहे. १९९५ साली शेवटची कसोटी खेळला तेव्हा त्याचे वय तेवीस होते. सतरा कसोट्या, चार शतके, सरासरी ५४.२०.

मग आला १९९६ च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना. कलकत्त्याला प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला, आणि नाबाद कांबळी रडत रडत परत निघाला. त्या दिवशी तो सगळ्यांना आपला वाटला. बाळीचे नावही कोणी काढले नाही.

कुठल्याही एस.टी. स्टँडवर चार माणसांना विचारून पाहा. ते अश्रू चौघांनाही आठवतील. दिल्लीचे २२७ एखाद्यालाच.