बटण आईंच्या हातात
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

रोवणी आटोपली, निंदण अजून लागायचं आहे. तेवढ्या सवडीत आज तुमच्याशी एका मोटरबद्दल बोलायचं आहे. मोटर म्हटलं की आपल्याला विहिरीवरची आठवते, नाही तर पिठाच्या चक्कीची. त्या गरगर फिरतात. मी जिच्याबद्दल सांगणार आहे, तिचा दांडा सरळ बाहेर येतो आणि सरळ आत जातो. दुकानात तिला लिनिअर ॲक्च्युएटर म्हणतात. आमच्या गटातल्या बायांच्या जिभेवर ते नाव काही बसलं नाही. त्यांनी तिला दांडा-मोटर म्हटलं, मीही तेच म्हणते.

मी तुमच्यासारखीच. दोन एकर धानाची बांधी, दोन शेळ्या, बचत गट. लग्नाआधी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स केला होता, म्हणून गावातले पंखे, मिक्सर, फवारणीचे पंप माझ्याकडे दुरुस्तीला येतात. एवढंच वेगळेपण.

मागच्या दिवाळीनंतर सासूबाईंना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला, बोलणं अडखळायला लागलं. दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी बजावलं, आडवं ठेवून पेज, पाणी काही पाजू नका. घास श्वासनळीत जातो आणि फुप्फुसाला सूज येते. आधी नीट बसतं करा, मग भरवा, आणि भरवल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा.

सांगणं सोपं असतं. पन्नास किलोच्या माणसाला बगलेत हात घालून दिवसातून सहा-सात वेळा उठवायचं म्हणजे काय, ते ज्या बायांनी केलं त्यांनाच माहीत. महिन्याभरात माझी कंबर गेली. पण त्याहून वाईट गोष्ट मला उशिरा कळली. आई पाणी मागतच नव्हत्या. ओठ कोरडे पडायचे, तरी मानेनं नाही म्हणायच्या. सुनेला पुन्हा वाकायला लागू नये म्हणून त्या तहान मारत होत्या.

दवाखान्यातला पलंग बटण दाबलं की डोक्याकडून वर उठायचा. मी खाली वाकून पाहिलं होतं, तिथे हीच दांडा-मोटर बसवलेली होती. मनात आलं, हे घरी का होऊ नये?

ही मोटर चालते कशी? तुम्ही कालव्याचं गेट पाहिलंच आहे. वरचं चाक फिरवलं की आटे पाडलेला दांडा हळूहळू वर येतो आणि दार उचलतं. पाण्याचा केवढा दाब असतो, तरी एक माणूस ते उचलतो. आणि चाक सोडलं तरी दार धाडकन खाली पडत नाही, आटेच त्याला धरून ठेवतात. दांडा-मोटरमध्ये तेच आहे, फक्त लहान आणि आडवं. आत एक छोटी मोटर दाते फिरवते, दाते आट्याचा दांडा फिरवतात, त्या दांड्यावरची चाकी पुढे सरकते आणि बाहेरच्या नळीला रेटते. तारा उलट्या जोडल्या की मोटर उलटी फिरते आणि नळी आत येते. बारीक आट्याची असेल तर लाईन गेली तरी ती जिथल्या तिथे थांबते. पलंगाला हे फार महत्त्वाचं.

विकत घेताना तीन गोष्टी विचारायच्या. एक, जोर किती. तो न्यूटनमध्ये लिहिलेला असतो. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो, एवढं लक्षात ठेवा. दोन, नळी किती बाहेर येते. तीन, किती व्होल्टची आहे. जोर जास्त हवा असेल तर वेग कमी मिळतो. पलंगाला वेग नकोच आहे.

जोराचा हिशेब करताना मी आधी चुकले होते. आईंचं कमरेवरचं वजन धरलं तीस किलो, पाठीखालची फळी दहा किलो. चाळीस किलो उचलायचे, तर पन्नास किलोची मोटर पुरे, असं वाटलं. पण पलंगाखाली जागा कमी. दांडा खालून सरळ उभा लावता येत नाही, तिरपा लावावा लागतो. फळी आडवी असताना दांडा जवळजवळ तिला चिकटून असतो. तुम्ही जड दार बिजागरीच्या बाजूनं तिरपं ढकलून पाहा, किती जोर लागतो ते कळेल. माझा दांडा फळीच्या मध्यावर वीस अंशांच्या कोनात लागत होता. तेव्हा हिशेब आला जवळपास एकशेवीस किलोचा, म्हणजे चाळीसच्या तिप्पट. म्हणून मी तीन हजार न्यूटनची, तीनशे किलो रेटणारी मोटर घेतली. कामाच्या दुप्पट जोर हाताशी असलेला बरा.

लांबी काढायला मी पुठ्ठ्याचा पलंग केला. पुठ्ठ्याची फळी, टाचणीची बिजागरी, काडीचा दांडा. त्यावरून दिसलं की दीडशे मिलिमीटर, म्हणजे सहा इंच बाहेर येणारी नळी पुरते. तेवढ्यात पाठ साठ अंशांच्या जवळ उभी होते. सेकंदाला पाच मिलिमीटर चालणारी मोटर हे काम अर्ध्या मिनिटात करते. पुठ्ठ्याला खर्च नाही. लोखंड कापण्याआधी पुठ्ठा कापा.

आमच्या लोखंडी पलंगाला वेल्डिंगवाल्या भाऊंकडून खाली आडवा अँगल मारून घेतला. दांड्याचं खालचं टोक त्या लोखंडावरच बसवायचं, लाकडी पट्टीवर नाही. वीज घेतली बॅटरीची. फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी घरात होतीच. ती काढून धुऊन-पुसून घेतली. पंप मात्र विषाचा, तो आजाऱ्याच्या खोलीत आणायचा नाही. आठ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर दिवसातून दहा वेळा पलंग वर-खाली केला, तरी तिचा जेमतेम दहावा हिस्सा खर्च होतो. घरच्या लाईनची तार मी गादीजवळ नेलीच नाही. तिथे पाणी सांडतं, चादर ओली होते. बॅटरीच्या तारेत, बॅटरीच्या अगदी जवळ, एक फ्यूज घाला. आणि मोटरवर दहा टक्के लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ वीस मिनिटांत दोनच मिनिटं चालवायची. लेकरांनी खेळणं समजून सारखी वर-खाली केली तर ती जळेल.

आता माझी चूक सांगते. ती सांगण्यासाठीच आज आले आहे.

मी साधं खटक्याचं बटण लावलं होतं. एका बाजूला दाबलं की वर, दुसरीकडे दाबलं की खाली, आणि दाबलं की ते तसंच राहतं. बटण भिंतीवर, माझ्या सोयीचं. एक दिवस मी बटण दाबलं आणि चुलीवरची पेज ढवळायला गेले. मनात हिशेब होता, अर्ध्या मिनिटात पाठ वर येईल, मोटर आपोआप थांबेल. ती टोकाला थांबते हे खरं आहे, आत तसा खटका असतो. पण तिला फक्त आपलं टोक कळतं. मध्ये कुणाचा हात आहे, कुणाचा पदर आहे, हे तिला कळत नाही.

आईंचा पदर पलंगाच्या कोपऱ्यातल्या लोखंडात अडकला होता. पाठ वर यायला लागली तसा पदर मानेवर आवळत गेला. त्यांना ओरडता येत नव्हतं. डाव्या हातानं त्यांनी लोखंडावर बांगड्या आपटल्या. तो आवाज मला वेगळा वाटला, म्हणून धावले. मानेवर दोरीसारखा वळ उठला होता.

त्या रात्री मी झोपले नाही. मोटरला दोष द्यावा तर मोटरनं सांगितलेलंच काम केलं होतं. तीनशे किलोचा जोर मी घरात आणला आणि तो थांबवायचा उपाय ज्या माणसाच्या अंगाखाली तो चालतो, त्याच्या हाताला लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी चार बदल केले. खटक्याचं बटण काढून सहा पायांचं, बोट उचललं की मधे परत येणारं बटण लावलं. दाबून धराल तेवढंच चालेल, सोडलं की बंद. पलंगाच्या दोन्ही बाजूंना जाड कापड ताणून शिवलं, म्हणजे पदर, बोट, लेकराचा हात फळीखाली जाणार नाही. वरच्या पट्टीत गोल भोकाऐवजी दांड्याच्या दिशेनं दोन इंचांचं लांबट भोक पाडलं. आता दांडा फळीला वर रेटतो, पण खाली येताना लगेच ओढत नाही. काही अडकलंच तर दहा सेकंद मिळतात आणि तोवर फक्त फळीचा भार असतो, मोटरचा नाही. तिथली पिन हातानं निघणाऱ्या क्लिपची ठेवली. मोटर बिघडली तर दोघांनी फळी धरायची, तिसऱ्यानं पिन काढायची आणि पलंग हळूच आडवा करायचा.

आणि चौथा बदल, बटण लांब तारेनं आईंच्या डाव्या हाताशी आणलं. वर जायच्या बाजूला धानाचा दाणा चिकटवला, म्हणजे अंधारातही बोटाला कळावं.

दोन दिवस त्या त्याला हात लावेनात. वळ अजून दिसत होता, भीती साहजिक होती. तिसऱ्या दिवशी पहाटे मोटरचा घूं घूं आवाज आला. मी उठून पाहिलं, तर आई बसल्या होत्या आणि अंगणाकडे बघत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "पाणी." चार महिन्यांत त्यांनी स्वतःहून मागितलेलं ते पहिलं पाणी.

आता एक सांगून ठेवते. मोटर पाठ उचलते, सेवा करत नाही. दर दोन तासांनी कूस आपणच बदलून द्यायची, नाही तर पाठीला जखमा होतात. पाठ वर करण्याआधी गुडघ्याखाली उशी द्यायची, नाही तर माणूस घसरत खाली येतं आणि कातडी सोलते. किती वर उठवायचं, हे आधी डॉक्टरांना विचारायचं. भंगारात दवाखान्याच्या पलंगाची मोटर मिळाली तर ती बहुतेक चोवीस व्होल्टची असते. बाराच्या बॅटरीवर ती नीट ओढणार नाही.

हीच मोटर आणखी कामाला येते. अळिंबीच्या खोलीचा उंचावरचा झरोका उघडायला, नवतप्यात शेळ्यांच्या गोठ्याची झडप उचलायला, जड कोठीचं झाकण वर करायला. पण कोंबड्यांच्या शेडचा सहा फुटांचा पडदा तिनं उचलू नका, तिची नळी तेवढी लांब नसते. तिथे दोर आणि गरारीच बरी. आणि माणसाला दोरानं लटकवून उचलायचं काम तिला कधीच देऊ नका.

आमच्या गटानं आता असाच दुसरा पलंग शेजारच्या टोलीवर एका आजोबांसाठी करायला घेतला आहे. पुठ्ठा कापून झाला, बटण कुठे लावायचं ते सर्वांत आधी ठरलं.

आणि आमच्या आई? गल्लीतली एक बाई आली की फार बोलते. ती दारात दिसली की आई बटण दाबतात, हळूहळू आडव्या होतात आणि डोळे मिटून घेतात. मी काही बोलत नाही. बटण त्यांचं आहे.