कपाट उघडल्याशिवाय पुस्तक मिळत नाही
(वार्षिक समारंभातील भाषण)



पायथॉन ही संगणकाची भाषा शिकणाऱ्या मुलामुलींच्या काही शंका हसे होईल या भीतीने मनातच राहतात. त्यांतील तीन आज घेतो.

पहिली : वर्गमूळ काढायला सांगितले, तर संगणक 'हे नाव मला ठाऊक नाही' असे का म्हणतो? १९९१ साली गिदो व्हान रॉसम यांनी प्रसिद्ध केलेल्या या भाषेत नेहमी लागणारी साधने तेवढी हाताशी असतात. बाकीची निरनिराळ्या कपाटांत असतात. असे एक कपाट म्हणजे मॉड्यूल. आधी 'इम्पोर्ट मॅथ' लिहून गणिताचे कपाट उघडावे. मग १६ चे वर्गमूळ ४.० असे मिळते.

दुसरी : कपाटातील सारेच एकदम बाहेर का काढू नये? काढता येते, पण नावांची गल्लत होते. घातांकाचे 'पॉव' हे साधन भाषेत मुळातच आहे. त्याने २ चा घन ८ येतो. 'मॅथ'मधील सर्व नावे एकदम आणली, की त्याच नावाचे दुसरे साधन पहिल्याला झाकते आणि उत्तर ८.० येते. म्हणून हवे तेवढेच घ्यावे.

तिसरी शंका एका विद्यार्थिनीची. फासा टाकल्यासारख्या संख्या देणारे 'रँडम' हे मॉड्यूल तिला हवे होते. तिने आपल्या फाइलीलाही 'रँडम' हेच नाव दिले. पायथॉन आधी चालू फाइलीच्या फोल्डरमध्ये शोधतो. त्याला तिचीच फाइल सापडली आणि साधन मिळेना. तीन दिवस ती म्हणत राहिली, "हे माझ्या डोक्याचे काम नाही." चौथ्या दिवशी तिने विचारले. फाइलीचे नाव बदलताच काम झाले. दोष तिच्या डोक्याचा नव्हता, नावाचा होता.

मित्रहो, चुकीचा संदेश म्हणजे अपमान नव्हे. त्याची शेवटची ओळ आधी वाचा. बहुधा कारण तिथेच असते. नाही उमगले तर विचारा.

नवव्या शतकात बगदादच्या बैतुल हिकमतमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मींच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला. हे अभिमानाने सांगताना त्यांच्यासारखे कष्टही करू या.

आणि पालकहो, आज घरी गेल्यावर मुलांना गुण विचारू नका. "आज कुठे अडलास? कुठे अडलीस?" एवढेच विचारा.

खुदा हाफिज.