काचेतले दूध कुठे गेले?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण. वेळेअभावी जे तिथे राहून गेले, ते छापताना भरून काढले आहे.)



मी बी.ए., बी.एड. माणूस. शिकवतो मराठी आणि इतिहास. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावासमोर विज्ञानाचा विषय पाहून आमचे विज्ञानाचेच सर आधी हसले. त्यांचे हसणे रास्त होते. पण या विषयाच्या वाटेला मी हौसेने गेलो नाही. माझी एक चूक मला तिकडे घेऊन गेली, ती आधी सांगतो.

मागच्या वर्षी सहलीला आम्ही मुलांना मुंबईस नेले होते. तिथे एका कार्यालयात बैठकीच्या खोलीला भिंतभर काच होती, दुधासारखी पांढरी. शिपायाने बटण दाबले आणि क्षणात ती पाण्यासारखी नितळ झाली. आतले टेबल, खुर्च्या, भिंतीवरचे घड्याळ सगळे दिसू लागले. पुन्हा बटण दाबले, पुन्हा दूध. आठवीतली एक मुलगी पुढे आली आणि तिने मला विचारले, "सर, काचेतले दूध कुठे गेले?"

आता 'मला ठाऊक नाही' एवढेच म्हणायचे होते. पण समोर चाळीस मुले. मी ठोकून दिले, "आत धूर भरलेला असतो. वीज लावली की तो खाली बसतो." चाळीस माना डोलल्या. त्या मुलीने तर ते वहीत लिहून घेतले. परतीच्या एसटीत मुले गाणी म्हणत होती आणि मला ती वही आठवत होती. शिक्षकाचे तोंडी खोटे एक वेळ विरून जाईल. वहीत उतरलेले परीक्षेपर्यंत जगते.

घरी आल्यावर विज्ञानाच्या सरांना गाठले, ग्रंथालयात बसलो, मिळेल ते वाचले. तेव्हा कळले ते असे. त्या काचेत धूर नसतो. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा एक पातळ पडदा असतो आणि त्या प्लास्टिकात द्रव स्फटिकाचे असंख्य सूक्ष्म थेंब अडकलेले असतात. एकेक थेंब साधारण मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वीज नसते तेव्हा प्रत्येक थेंबातले रेणू आपापल्या दिशेला तोंड करून असतात, प्रकाश त्यांच्यावर आदळून विखुरतो आणि काच पांढरी दिसते. दुधातही स्निग्धाचे बारीक कण हेच करतात. वीज दिली की सारे रेणू एका दिशेत उभे राहतात. मग थेंबाचा आणि भोवतालच्या प्लास्टिकचा अपवर्तनांक सारखा होतो आणि प्रकाशाला वाटेत थेंब आहे याचा पत्ताच लागत नाही. म्हणजे ही काच विजेने स्वच्छ होते; वीज गेली की पांढरी. (आमच्या गावात लावली तर ती बहुधा पांढरीच राहील.) अमेरिकेत ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात जे. विल्यम डोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 नंतरच्या दशकात हे काम पुढे आणले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी चूक कबूल केली आणि हे सांगितले. मुलीने वहीतली जुनी ओळ खोडली, नवी लिहिली, आणि लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "पण सर, रश्श्यावरचे तेलाचे थेंब तर एकमेकांत मिसळून मोठे होतात. हे बारीकच कसे राहिले?"

वाचकहो, माझा खरा विषय इथे सुरू होतो.

साखर पाण्यात विरघळते, अत्तर हवेत पसरते. सुटे रेणू मिसळायला उत्सुक असतात, कारण मिसळून राहण्याचे मार्ग पुष्कळ असतात. पण बहुवारिक, म्हणजे ज्याला आपण सरसकट प्लास्टिक म्हणतो ते, सुट्या रेणूंचे नसते. हजारो रेणू एकमेकांचा हात धरून एक लांब साखळी करतात. मधल्या सुट्टीचे मैदान डोळ्यांपुढे आणा. 'अ' आणि 'ब' तुकडीची मुले सुटी सोडली तर दोन मिनिटांत सरमिसळ होते. पण प्रत्येक तुकडीला पन्नास-पन्नासांच्या साखळीत हात धरून पळायला सांगा. मुलगा मनात आणूनही फार लांब जाऊ शकत नाही. त्यात दोन तुकड्यांचे जरासे जरी वाकडे असेल तर साखळ्या आपापल्या कोपऱ्यात जाणार. हा हिशेब फ्लोरी आणि हगिन्स यांनी 1941-42 च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडला. फ्लोरींना पुढे 1974 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या काचेच्या पडद्याची सुरुवात एकजीव द्रावाने होते: द्रव स्फटिक आणि प्लास्टिकचे सुटे रेणू. त्यावर जंबुपार किरण सोडले की सुटे रेणू हात धरू लागतात. साखळ्या वाढतात, जाळे होते, आणि त्यात द्रव स्फटिकाला जागा उरत नाही. तो थेंबाथेंबाने बाहेर पडतो. थेंब एकमेकांत मिसळून मोठे व्हायला बघतात, तेलासारखेच. पण तोवर भोवतालचे जाळे घट्ट झालेले असते. थेंब जिथे असेल तिथे, जेवढा असेल तेवढा अडकतो.

म्हणून ही शर्यत आहे. एका बाजूला थेंबांची वाढ, दुसऱ्या बाजूला जाळ्याची वीण. प्रकाश प्रखर असेल तर वीण लवकर होते आणि थेंब बारीक राहतात. मंद असेल तर थेंबांना सवड मिळते, ते मोठे होतात. त्याच द्रावापासून, त्याच तापमानाला, केवळ दिव्याची तीव्रता बदलून वेगळा पडदा मिळतो. मला स्वतःला यातली ही गोष्ट फार मोठी वाटते. उष्णता दिली तर ती सगळीकडे पसरते. प्रकाश मात्र हव्या त्या जागी, हवा तेवढा वेळ देता येतो. नको झाला की बटण बंद. छिद्रांची पाटी मध्ये धरली तर उजेड पडेल तिथे एक रचना आणि सावलीत दुसरी.

जपानमध्ये क्योतो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत क्वी त्रान-काँग-मियाता यांनी हे अनेक वर्षे अभ्यासले. त्यांच्या प्रयोगांत साखळ्या आधीच तयार असतात. एक पॉलिस्टायरीन, दुसरी पॉलिव्हिनिल मिथिल ईथर. ही जोडी जरा उलट्या स्वभावाची: थंडपणी मिसळते, तापवली की वेगळी होते. पॉलिस्टायरीनच्या साखळीला अधूनमधून अँथ्रासीन टाचलेले असते. अँथ्रासीनच्या द्रावणावर ऊन पडले की वेगळेच स्फटिक खाली बसतात हे फ्रिट्शे यांनी 1867 सालीच नोंदवले होते. दोन अँथ्रासीन समोरासमोर येऊन प्रकाशाने जोडले जातात, त्याचे ते स्फटिक. साखळ्यांवरचे अँथ्रासीन असे जोडले की साखळीला साखळी बांधली जाते. 365 नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की गाठी पडत जातात, आणि एरवी सुखाने मिसळून राहिलेली ही जोडी तापमान तेच असताना फुटू लागते. प्रकाशच फूट पाडतो आणि त्याच गाठींनी फूट वाढू देत नाही.

आणखी एक गंमत आहे. प्रकाश आत शिरताना शोषला जातो, म्हणून जाड थरात वर प्रखर आणि खाली मंद पोहोचतो. त्यामुळे एकाच तुकड्यात वरून खाली जाताना नक्षीचा पोत बदलत जातो. हे मुद्दाम घडवून आणता येते. शिवाय जाळे विणले जाताना पदार्थ आकसतो, आत ताण धरतो, आणि तो ताणही नक्षीवर आपली खूण ठेवतो. 1995 साली शेरॉन ग्लॉट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले की, जाळे नसले तरी चालते. रासायनिक क्रिया दोन्ही दिशांनी सतत चालू राहिली तरी थेंबांची वाढ एका मापाला थांबते.

एवढे सगळे मी वर्गात सांगितले नाही. मैदानाचे उदाहरण सांगितले, प्रत्यक्ष हात धरून मुलांना पळवलेही. दोन पडली, एकाचा गुडघा फुटला, मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले; तो भाग सोडून देऊ.

मुलगी गप्प होती. तास संपता संपता म्हणाली, "सर, प्रकाशाने पडलेली गाठ प्रकाशानेच सुटेल का?"

या वेळी मी म्हणालो, "मला माहीत नाही. शोधून सांगतो." शोधायला चार दिवस लागले. उत्तर असे की, अँथ्रासीनची गाठ सुटते. पण बांधणाऱ्या प्रकाशाने नव्हे. त्याहून आखूड लहरींचा, 300 नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो, आणि सगळ्या गाठी काही सुटत नाहीत. शिवाय तो प्रकाश खिडकीच्या साध्या काचेतून आरपार जात नाही. क्वार्ट्झचे भांडे लागते. आमच्या प्रयोगशाळेत ते नाही. तिने वहीत 'क्वार्ट्झ' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत.