चालू यंत्रणेत उपकरण जोडताना

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आपण मला येथे बोलावले याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे. मी वक्ता नाही. माझे आयुष्य तारा, फ्यूज आणि सोल्डरिंगच्या धुरात गेले. म्हणून मला जे ठाऊक आहे तेच सांगतो. चालू असलेल्या यंत्रणेत एखादे इलेक्ट्रॉनिक उपकरण जोडताना पहिल्या क्षणी विजेचा जो लोंढा आत धावतो, त्याला आवर कसा घालावा, हा माझा आजचा विषय आहे.

उमेदवारीच्या काळात मी एका दूरध्वनी केंद्रात काम शिकत होतो. तेथील यंत्रणा ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि ती कधीच बंद करायची नसते. एके दिवशी एक बिघडलेले कार्ड काढून मी त्या जागी नवे बसवले. पिनांशी ठिणगी उडाली आणि त्याच चौकटीतील शेजारची सारी कार्डे क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू झाली. चालू असलेली संभाषणे तुटली. त्या लाइनींवर कोण बोलत होते, कोणाचा निरोप अर्धवट राहिला, हे मला कधीच कळले नाही. आता नोकरी गेली, असे समजून मी उभा राहिलो. आमचे फोरमन, ज्यांना आम्ही सारे चाचा म्हणत असू, रागावले नाहीत. ते म्हणाले, "बेटा, कार्ड तू नीट बसवलंस. मग शेजारची का पडली, ते उद्या वहीत लिहून आण."

त्या रात्री मी जे लिहिले ते असे. प्रत्येक कार्डाच्या तोंडाशी एक धारित्र असते, ज्याला आपण दुकानात कपॅसिटर म्हणून मागतो. तो विजेची टाकी आहे असे समजा. चाळीत एखाद्याने आपल्या रिकाम्या टाकीचा कॉक एकदम पूर्ण उघडला, की इतरांच्या नळांची धार बारीक होते. येथेही तसेच होते. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्ट केलेल्या तारेसारखा वागतो. तारा व पिना यांचा एकूण रोध ०.१ ओहम धरला, तर ४८ भागिले ०.१ म्हणजे ४८० अँपिअर! तारांच्या प्रेरकत्वामुळे प्रत्यक्षातला आकडा काहीसा कमी भरतो. पण ज्या कार्डाला एरवी १ अँपिअर पुरतो, त्याच्यासाठी तो भयंकरच आहे. तेवढ्या क्षणात चौकटीतील दाब कोसळतो, शेजारची कार्डे गोंधळतात आणि पिनांवर काळे खड्डे पडतात.

उपाय काय? कॉक हळू उघडावा. पहिला मार्ग रेझिस्टरचा. वाटेत १० ओहम घातले, की प्रवाह ४.८ अँपिअरच्या वर जात नाही आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे ५० मिलिसेकंदांत भरतो. परंतु हा रेझिस्टर तसाच ठेवला तर १ अँपिअरला १० व्होल्ट वाया जातात आणि १० वॉटची उष्णता होते. म्हणून भरणे संपल्यावर रिलेने त्याला वळसा द्यावा लागतो. दुसरा मार्ग थर्मिस्टरचा. थंड असताना याचा रोध जास्त आणि तापल्यावर कमी असतो. तो स्वस्त व सोपा आहे. पण वीज जाऊन लगेच परत आली, तर तो अजून तापलेलाच असतो आणि लोंढा अडत नाही.

तिसरा मार्ग लांब-आखूड पिनांचा. लांब पिना आधी टेकतात व रेझिस्टरमधून कपॅसिटर भरून घेतात. आखूड पिना मागाहून मुख्य वीज जोडतात. चौथा मार्ग मॉसफेटचा. हा ट्रान्झिस्टर हळूहळू उघडतो. प्रवाह १ अँपिअरवर धरला तर वरचाच कपॅसिटर ४८ मिलिसेकंदांत भरतो. मात्र तेवढा वेळ ती उष्णता ट्रान्झिस्टर सोसतो, आरंभी ४८ वॉट. म्हणून निवड करताना केवळ व्होल्ट पाहून चालत नाही.

हे ज्ञान केवळ दूरध्वनी केंद्रापुरते नाही. १९९६ साली यूएसबीचे मानक आले. त्यात जोडल्या जाणाऱ्या उपकरणाच्या तोंडाशी १० मायक्रोफॅरडपेक्षा अधिक भार नसावा, असे बंधन आहे. विजेवरच्या मोटारीतही मुख्य संपर्क जोडण्यापूर्वी रेझिस्टरमधून कपॅसिटर भरून घेतात.

पालकांना एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. बटण चालू ठेवून चार्जरचा प्लग सॉकेटमध्ये खुपसू नये. २३० व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते. ठिणगी तेथूनच येते. आधी प्लग बसवावा, मग बटण दाबावे. लोंढा तरीही येतो, पण तो बटणाच्या आत सोसला जातो. सॉकेटच्या पिना जळत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, एक प्रयोग जरूर करा. ९ व्होल्टची बॅटरी, १००० मायक्रोफॅरड व २५ व्होल्टचा कपॅसिटर आणि १० किलोओहमचा रेझिस्टर एकामागे एक जोडा. कपॅसिटरची अधिक व उणी बाजू नीट पाहा. त्याच्या दोन टोकांना मीटर लावा. काटा हळूहळू चढेल आणि १० सेकंदांत सुमारे ५.७ व्होल्टवर येईल. हा हिशोब आधी वहीत मांडा, मग ताडून पाहा. घरातल्या विजेवर मात्र हा प्रयोग कदापि करू नये.

शेवटी पालकांना माझी विनंती आहे. मुलाने वा मुलीने जुना रेडिओ उघडला आणि तो बंद पडला, तर लगेच हात उगारू नका. "का बंद पडला, ते लिहून दाखव," एवढेच म्हणा. चाचांनी त्या दिवशी मला हाकलले असते, तर मी आज आपल्यासमोर उभा नसतो.