छत्तीस वर्षांनी पॅरिसला

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला फ्रान्सच्या सहलीविषयी बोला असं सांगितलं आणि वेळ दिली वीस मिनिटं. आयफेल टॉवर, लुव्र, सेन नदीतली बोट, यातलं काहीही मी सांगणार नाही. आपल्यातल्या निम्म्या मंडळींनी टूरबरोबर जाऊन ते बघितलंय आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांचे फोटो बघावे लागलेत. मी बोलणार आहे एका जिन्याविषयी.

नव्या सभासदांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्या बँकेची पॅरिसला शाखा होती. जून १९८६ मध्ये माझी तिथे बदली झाली आणि ऑगस्ट १९८९ मध्ये आम्ही परत आलो. बरोबर सौ. आणि चार वर्षांची मुलगी. घर मिळालं शहराच्या दहाव्या विभागात, सँ-मार्तँ कालव्यापासून पाच मिनिटांवर. पाचवा मजला, लिफ्ट नाही, लाकडी गोल जिना, पायऱ्या शहाण्णव. त्या पायऱ्यांवरच आमची मुलगी फ्रेंच अंक शिकली. आता गंमत बघा. फ्रेंचमध्ये शहाण्णवला म्हणतात 'कात्र-वँ-सेझ', म्हणजे चार विसा आणि सोळा. सौ.ची आजी अशीच विसांनी मोजायची. त्यामुळे मुलीला जे जड गेलं नाही ते मला गेलं, कारण मी बँकेतला माणूस, दशमान पद्धतीचा.

मी सकाळी साडेआठला बाहेर पडायचो तो सातला घरी. माझं पॅरिस म्हणजे टेलेक्स, लेटर ऑफ क्रेडिट आणि दुपारचा डबा. हिचं पॅरिस वेगळं होतं. मुलीची सरकारी बालशाळा, साडेचारला शाळेच्या दारात उभ्या असलेल्या आया, मंडईतला भाजीवाला, आणि पासाज ब्रादी नावाची काचेच्या छताची गल्ली, जिथे आपल्याकडची दुकानं होती आणि तूरडाळ, हळद, हिरव्या मिरच्या मिळायच्या. शिवाय आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका खोलीत राहणाऱ्या राखणदार बाई. त्या काळी पॅरिसच्या इमारतींमध्ये या कामाला पुष्कळ पोर्तुगीज बायका असत, तशा याही पोर्तुगीज. जिना धुणं, टपाल वाटणं, कोण आलं कोण गेलं बघणं, सगळं त्यांच्याकडे. दोघींचीही फ्रेंच परकीच. त्यामुळे एकमेकींच्या चुका दोघींच्याही लक्षात यायच्या नाहीत आणि गप्पा उत्तम व्हायच्या.

आम्ही गेलो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅरिसमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली. १७ तारखेला र्‍यू द रेनवर एका दुकानासमोर स्फोट झाला, सात माणसं गेली. मी ऑफिसात, मुलगी शाळेत, हिला रेडिओवरचं अर्धंच कळलेलं. त्या बाईंनी हातातला झाडू टाकला, हिला बरोबर घेतलं, शाळेतून मुलीला आणलं आणि मी येईपर्यंत दोघींना आपल्या खोलीत बसवून ठेवलं. मोबाईल नव्हते हो तेव्हा. मी घरी पोचलो तेव्हा मुलगी तिथे बटाट्याचं सूप पीत बसली होती.

तर ती बाई आणि तो जिना, ही दोन कारणं जाण्याची. दोन वर्षांपूर्वी हिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सहज विचारलं, "आजी, बऱ्या झाल्यावर कुठे जायचं?" इतर बायका काशी, चारधाम सांगतात. हिने सांगितलं, "पॅरिसला एक जिना चढायचाय." डॉक्टरांना वाटलं, भूल अजून उतरलेली नाही.

मुलगी आणि जावई दोघांचाही विरोध होता. या वयात, एवढा खर्च, आणि बघायचं काय तर जुनं भाड्याचं घर? पण विचार करा. माझं लहानपण गेलं नारायण पेठेतल्या वाड्यात, तो पडला, तिथे आता अपार्टमेंट आहे. हिचं माहेर गिरगावातली चाळ, तिथे टॉवर उभा आहे आणि त्याचा वॉचमन हिला आत सोडत नाही. लग्नानंतरचं पहिलं बिऱ्हाड नाशिकला, तिथे मंगल कार्यालयाच्या गाड्या लागतात. आम्ही दोघं जिथे जिथे राहिलो त्यातलं उभं असलेलं सर्वात जुनं घर फ्रान्समध्ये! जुनं घर बघायला आम्हाला पासपोर्ट लागतो.

गेल्या मे महिन्यात गेलो. बदल पुष्कळ. मेट्रोला पूर्वी पहिला वर्ग असायचा, तो १९९१ सालीच बंद झालाय. फ्रँक जाऊन युरो आला. माझ्या जुन्या डायरीत शंभर फ्रँकची एक नोट होती, चित्रकार दलाक्र्वाचं चित्र असलेली. युरो आला तेव्हा दर ठरला होता १ युरोला ६.५५९५७ फ्रँक, म्हणजे पंधरा युरो आणि वर थोडी चिल्लर. पण फ्रँकच्या नोटा बदलून घ्यायची शेवटची मुदतही १७ फेब्रुवारी २०१२ ला संपली. मला हे ठाऊक होतं, तरी नोट खिशात घेऊन गेलो. नोत्र-दामही बघितलं. एप्रिल २०१९ च्या आगीत छप्पर गेलं होतं ते डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. छपराचं काम जुन्या पद्धतीनेच, पुन्हा ओकच्याच लाकडात केलंय. ही म्हणाली, "छान आहे. आता घरी जाऊ." घरी म्हणजे कुठे ते मला कळलं.

इमारत जागेवर होती. दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेलं वास्तुविशारदाचं नाव आणि साल, १८८७, आमच्या वेळेपेक्षा स्वच्छ दिसत होतं. राखणदार बाईंच्या खिडकीला मात्र पडदा नव्हता. आत सायकली. मुख्य दाराला आकड्यांचं कुलूप. आम्ही दहा मिनिटं समोरच्या फुटपाथवर उभे, हिच्या पिशवीत बाईंसाठी नेलेली छोटी पितळी समई. तेवढ्यात एक तरुण बाहेर आला. हिने फ्रेंचमध्ये सांगायला सुरुवात केली. मला वाटलं होतं चार वाक्यांत अडेल. अडली नाही. तो मुलगा हसला आणि त्याने दार धरलं.

आत जिन्याच्या मधल्या पोकळीत त्यांनी लिफ्ट बसवलीय, दोन माणसांची, त्यातही मराठी माणसं असतील तर दीड. मुलाने लिफ्टचं दार उघडलं. ही म्हणाली, "नको, मेर्सी," आणि कठड्याला हात घातला. मी मागे. प्रत्येक मजल्यावर थांबलो. पायरीपायरीला ती मोजत होती, मोठ्याने, फ्रेंचमध्ये. सव्वीस मिनिटं लागली. घड्याळ मी लावलं होतं, सवय जात नाही. कात्र-वँ-सेझ म्हणाली आणि भिंतीला टेकली.

आमचं दार आता करड्या रंगाचं आहे. राहणाऱ्या मुलीने आत घेतलं, पाणी दिलं. स्वयंपाकघराची भिंत काढून टाकलीय. खिडकीतून मात्र तीच जस्ताची छपरं, त्याच चिमण्या. ही तिथे बराच वेळ उभी राहिली. काय आठवत होतं ते मी विचारलं नाही, इथे आल्यावरही नाही.

उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हाक मारली. १९७४ पासून तिथेच. आमची मुलगी त्यांना आठवत होती, दोन वेण्या आणि शहाण्णव आकडे! त्यांच्याकडे कॉफी झाली आणि मग तिथल्या सोसायटीची हकिगत निघाली. इथे समितीने कान द्यावा. तिथे १९६५ च्या कायद्यानुसार इमारतीत सहमालकी असते, वर्षाला सर्वसाधारण सभा असते आणि पगारी व्यवस्थापक असतो. पण मत एका सभासदाला एक नाही, ज्याचा हिस्सा मोठा त्याचं मत मोठं. आणि लिफ्टचा खर्च उपयोगाप्रमाणे वाटतात, वरच्यांना जास्त, खालच्यांना कमी, तळमजल्याला बहुधा काहीच नाही. आपल्या उपविधींत सर्वांना समान आहे, तेव्हा तळमजल्याच्या मंडळींनी कृपया आता टाळ्या वाजवू नयेत. लिफ्ट बसवायची की नाही यावर त्यांच्याकडे अकरा वर्षं वाद चालला म्हणे. ऐकून फार बरं वाटलं.

पॅरिसमध्ये इमारतीची दर्शनी भिंत दर दहा वर्षांनी साफ करण्याचा नियम आहे, तोही खर्च सभासदांवर, त्यावरही भांडणं. पण सव्वाशेच्या वर वर्षं झालेली इमारत पाडायची का, हा विषय आजींना समजावून सांगायला हिला फ्रेंच शब्द सापडेना. आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली आणि रिडेव्हलपमेंटवाल्यांची दोन पत्रं आत्ताच सेक्रेटरींच्या फायलीत आहेत. माझं मत मी सर्वसाधारण सभेत देईन, इथे उत्सवात नको.

राखणदार बाई निवृत्त होऊन पोर्तुगालला आपल्या गावी गेल्या, त्यालाही बरीच वर्षं झाली. दर नववर्षाला त्यांचं कार्ड येतं. आजींनी कपाटातून ते काढून पत्ता लिहून दिला. समई आम्ही तिथल्याच पोस्टातून पाठवली. बरोबर हिचं चार पानी पत्र, फ्रेंचमध्ये, चुका न तपासता. त्याला आता पाच महिने झाले. मी रोज संध्याकाळी खाली उतरून टपालपेटी उघडतो ती त्यासाठी. वॉचमनला वाटतं मी मेंटेनन्सच्या बिलाची वाट बघतोय.