दहा नांवांचा कागद

(चावडीपुढें दिलेलें भाषण)



आज आम्ही न्यूझीलंड देशांतल्या माओरी लोकांची हकीकत सांगणार आहों. देश सातासमुद्रांपलीकडचा, पण गोष्ट जमिनीची व कागदाची. ती कुणब्याला समजण्यास कठीण नाहीं.

माओरी लोकांत जमीन एकट्याची नसे, सबंध भावकीची असे. ६ फेब्रुवारी १८४० रोजीं वायटांगी येथें इंग्रज सरकारानें त्यांच्या नाइकांशीं तह केला, आणि तुम्ही राखाल तोंवर तुमची जमीन तुमचीच, असें लिहून दिलें. पुढें गोरे वसाहतवाले वाढले. १८६३ च्या कायद्यानें, लढले त्यांच्या जमिनी जप्त झाल्या. पण लढाईपेक्षां जास्त जमीन खाल्ली ती कोर्टानें!

हें कोर्ट १८६५ च्या कायद्यानें चाललें. जमीन शेंकडों माणसांची, पण दाखल्यावर नांवें बहुधा दहाच घालीत. ते दहा कायद्यानें मालक. बाकीचे आपल्याच वावरांत उपरे! एकानें दावा लावला कीं सर्वांना हजर राहणें भाग. न गेला त्याचा हक्क बुडाला. मोजणीचा खर्च, कोर्टाची फी, शहरांत आठवडेच्या आठवडे मुक्काम, वर दुकानदाराची उधारी. जी जमीन राखायला गेले, तीच विकून कित्येक घरीं आले. आमच्या सुप्यास १८७५ सालीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज कां जाळले, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस जास्त सांगावयास नको.

पारिहाका गांवच्या लोकांनीं मात्र निराळीच युक्ति केली. १८७९ सालीं त्यांनीं गोऱ्यांच्या कुरणांत नांगर घातले. एका नांगऱ्याला पकडला कीं दुसरा नांगर धरी. हत्यार कोणीं उचललें नाहीं. ५ नोव्हेंबर १८८१ रोजीं फौज आली, तेव्हां वाटेवर मुलेंच आडवीं बसलीं होतीं. गांव मोडला, पुढारी ते व्हीटी यांस चौकशीवांचून कैदेंत ठेवलें.

पुढें १९७५ सालीं तहाचा न्याय पाहण्यास मंडळ नेमलें, आणि १९९५ सालीं वायकाटो टोळीला कांहीं जमीन परत मिळाली. राणीनें माफीच्या कायद्यावर स्वतः सही केली. जप्तीला तोंवर सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं होतीं.

आतां आपल्या घरचें. सातबाऱ्यावर 'ए. कु. मॅ.' म्हणून थोरल्या भावाचें एकच नांव, आणि धाकट्यांचा व बहिणींचा पत्ता नाहीं, अशीं खातीं आपल्याकडे थोडीं नाहींत. थोरला गेला कीं त्याचींच मुलें वारस लागतात. उद्यां शाळा सुटल्यावर आम्ही ओट्यावर बसूं. उतारा व फेरफाराची नक्कल घेऊन या. आम्ही वाचून दाखवूं. बायकांनींही यावें.