तीन मिनिटांची तबकडी



आज मिरजेची गोष्ट सांगते. गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहायचे. १९३७ साली ते गेले. मिरजेच्या दर्ग्याजवळच त्यांची कबर आहे. पण त्यांचं गाणं अजून ऐकू येतं.

कसं? तेव्हा लाखेची तबकडी असायची. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. एरवी तासभर रंगणारा राग त्यांनी तेवढ्यात बसवला. पुढे तेच गाणं मोठ्या तबकडीवर आलं, मग कॅसेटवर, सीडीवर, आता मोबाईलवर. आवाज तोच, भांडं नवं.

त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर. जन्म मिरजेचा, १९०५ चा. घरंदाज बाईनं चारचौघांत गाणं कमीपणाचं मानायचे, त्या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. त्यांच्याही तबकड्या निघाल्या, म्हणून तो आवाज उरला.

आता आपल्या घरात बघा. माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या एका कॅसेटवर होत्या. ती ट्रंकेत पडून राहिली, फितीला बुरशी लागली. आत्या गेली, आवाजही गेला. दुसरी प्रत काढली नव्हती, एवढीच चूक.

म्हणून सांगते, जुनी कॅसेट असेल तर मोबाईलमध्ये उतरवून घ्या. आजीला विचारून तिच्या ओव्या रेकॉर्ड करा. आधी तिचं नाव, गाव, तारीख बोलून घ्या. एक प्रत गटातल्या दुसऱ्या बाईकडे ठेवा. येत्या बैठकीलाच सुरुवात करू या.

राम राम.